दक्षिणेकडची चिमणी

पुणे, ४ ऑक्टोबर १९९९

बाबासोमामांना नमस्कार, ललितामामींच्या पाया पडतो.

शिवानीनं तुम्हाला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, म्हणून मी आडपडदा न ठेवता लिहितो. गेल्या महिन्यात फ्लाइंग क्लबच्या सरांबरोबर ती विमान घेऊन कोल्हापूरला निघाली होती आणि तिला कोल्हापूर सापडलं नाही. खाली सगळीकडं सारखाच ऊस, मध्येच ढग, महामार्ग कुठं दिसतो कुठं नाही. शेवटी सरांनी विमान स्वतःच्या हातात घेतलं. आता डिसेंबरात तिला तोच प्रवास एकटीनं करायचा आहे. सर म्हणालेत, या वेळी चुकलीस तर शिक्षण बंद, घरी जायचं. पण मला तिच्या शिक्षणापेक्षा तिची काळजी वाटते. मामा, ती भ्यायली आहे. तुमची मुलगी भिते हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

यावर मला एक उपाय सुचला आहे. माझ्याकडं कॉम्प्युटरवर विमान उडवायचा एक खेळ आहे, फ्लाइट सिम्युलेटर. नाव खेळ, पण उंची, वारा, होकायंत्र सगळं खऱ्यासारखं. तिच्या हॉस्टेलवर एका मैत्रिणीकडंही तो आहे. अडचण एवढीच, की त्यातलं कोल्हापूर म्हणजे हिरव्या सपाट जमिनीवर ओढलेली एक करडी रेघ. ना तलाव, ना विद्यापीठ, ना डोंगर. मात्र आपल्याला स्वतः सगळं बनवून त्यात बसवता येतं, त्याला सीनरी म्हणतात. मी आपला उजळाईवाडीचा विमानतळ आणि आजूबाजूचा टापू हुबेहूब बनवणार आहे. शिवानी हॉस्टेलवर बसून त्यात रोज उतरेल आणि खरी येईल तेव्हा वाट पाठ झालेली असेल.

मी पुण्यात, ती लांब तिकडं हॉस्टेलवर, तेव्हा डोळे तुमचे लागतील. फोटो पाठवा. विमानतळाची इमारत, टॉवर, पाण्याच्या टाक्या, झाडांच्या रांगा. आणि लांबून दिसणारी उंच वस्तू एकूण एक सांगा. त्यातली एक जरी सुटली तरी ती वरून भलतंच काहीतरी खूण म्हणून धरेल.

तुमचा
श्रेयस


उचगाव, १३ ऑक्टोबर

चिरंजीव भाचेरावांना आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मामीनं डोळ्याला पदर लावला आणि मी कपाळाला हात. अरे, उचगावात जन्मली, विमानतळाच्या माळावर सायकल शिकली, आणि त्या पोरीला कोल्हापूर सापडत नाही! नृसिंहवाडीहून परतणाऱ्या म्हाताऱ्या एस.टी.त घोरत असतात, तरी उचगाव आलं की आपोआप जाग्या होतात. असो. भ्यायली म्हणतोस, तर मग आपण काय हातावर हात ठेवून बसणार?

कॅमेरा घेऊन लुनावरून विमानतळावर गेलो. कुंपणापाशी उभा राहिलो तर पहारेकरी धावत आला. "ओ पावणं, कशाचं फोटो काढायलाय? बंदी हाय हितं!" म्हटलं, "माझी पोरगी हितं इमान उतरवणार हाय." तो म्हणाला, "पोरगी? एकटी?" म्हटलं, "व्हय, एकटी. तुमचं काय म्हणणं हाय?" त्यानंच मला आतल्या साहेबांकडं नेलं. साहेब भला माणूस. समोरून इमारतीचे फोटो काढू दिले, टॉवरची उंची सांगितली आणि वर चहा पाजला.

दोन रोल धुवून पाठवतोय. गच्चीवरून पूर्वेकडचा देखावा चार फोटोंत बसला, तो पुठ्ठ्यावर डिंकानं ओळीनं चिकटवलाय. मधोमध आपल्या साखर कारखान्याची चिमणी बघ. बत्तीस वर्षं मी तिथं वजनकाट्यावर होतो, तेव्हा मला कुणी त्या चिमणीबद्दल शिकवू नये. हंगाम सुरू झाला की तिचा धूर दिवसरात्र हलत नाही. शिवानीला सांग, उत्तरेकडून येताना धूर धरायचा, चिमणी पायाखाली आली की उजवीकडं वळायचं. समोर धावपट्टी. आणखी काही बघायची गरज नाही.

आपल्या घराची गच्ची दाखवायला विसरू नकोस. मामी म्हणते, मलाही हात हलवताना दाखव, पोरीला धीर येईल.

बाबासो


पुणे, २६ ऑक्टोबर

मामांना नमस्कार.

फोटो बघून मी नाचायचाच बाकी होतो. मी शिकवतो त्या कॉम्प्युटर क्लासमधली पोरं गेली की मी तिथल्याच कॉम्प्युटरवर बसतो. धावपट्टी जागेवर बसली, इमारतीला तुमच्या फोटोतलाच रंग चिकटवला, टॉवर उभा केला. राजाराम तलावानं मात्र घाम काढला. दोनदा तो ताटासारखा गोल झाला, तिसऱ्यांदा कुठं तलाव दिसू लागला. तुमची गच्चीही आहे. मामींना सांगा, या खेळात माणसं टाकता येत नाहीत. नुसती घरं, झाडं, रस्ते. मी खटपट केली, जमलं नाही.

चिमणीतून धूर निघतो! हलत नाही बिचारा, पण लांबून दिसतो. पहिली फ्लॉपी शिवानीला पाठवली. तिचं उत्तर आलं, की पहिल्या दिवशी ती शेतात उतरली, दुसऱ्या दिवशी तलावात, आणि आता धूर धरून वळते आणि थेट धावपट्टीवर येते.

आता एक विचारतो, रागावू नका. पुठ्ठ्यावरच्या चौथ्या फोटोची उजवी कड कात्रीनं कापलेली आहे. बाकी तीन फोटो पूर्ण आहेत. नकाशात त्याच बाजूला, दक्षिणेकडं, दुसरा साखर कारखाना दाखवलाय. तो धाकट्या मामांचाच ना? कृष्णातमामा कारखान्याच्या निवडणुकीत तुमच्या पॅनेलविरुद्ध उभे राहिले आणि हरल्यावर तिकडं नोकरीला गेले, तेव्हापासून घरात त्या कारखान्याचं नाव निघत नाही, हे मला माहीत आहे. पण चिमणीला गटतट नसतो. ती किती उंच आहे, एवढंच कळवा.

श्रेयस


उचगाव, १ नोव्हेंबर

श्रेयस,

तिकडं काही नाही. दोन वर्षं तो कारखाना बंद पडलाय, चिमणीवर घारी बसतात. धूरच नाही तर पोरीला काय दिसणार? फोटो मीच कापला, कारण पुठ्ठ्यावर मावत नव्हता. दक्षिणेकडची खिडकी मी सात वर्षांपूर्वी बंद केली ती काय तुझ्या खेळासाठी उघडू?

आणि कृष्णातला विचारायचं मनातसुद्धा आणू नकोस. तो माझ्या विरोधात सभेत माईक धरून काय काय बोलला ते तुझ्या आईला विचार. आक्का तिथंच बसली होती. त्याला जर एक ओळ लिहिलीस, तर हा माझा तुला शेवटचा कागद.

बाकी फराळाचा डबा मामी पाठवणार आहे.

बाबासो


पुणे, १२ नोव्हेंबर

मामांना नमस्कार.

चकल्या पोचल्या, आणि तुमचा रागही पोचला. मी धाकट्या मामांना लिहिलं नाही. दक्षिणेकडं नुसता ऊस पसरून टाकला आहे. बंद कारखाना धुरकट हवेत दिसणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर तुमच्याशी वाकडं घ्यायची मला हिंमत झाली नाही.

शिवानी दिवाळीलाही घरी आली नाही, ते याचसाठी. रोज उतरते आहे. तिनं लिहिलंय, "आता डोळे मिटले तरी मला तो एक धूर दिसतो." सरांनी तारीख दिली, २ डिसेंबर, सकाळी. तिच्या पत्रात आता भीतीचा शब्द नाही. माझ्या मनात मात्र कुठंतरी खडा टोचतो आहे.

तुमच्या चिमणीतून धूर निघायला लागला की मला तेवढं कळवा.

श्रेयस


उचगाव, २२ नोव्हेंबर

चि. श्रेयस यास आशीर्वाद.

धूर अजून नाही. ऊसदराचं आंदोलन पेटलंय, आमच्या गेटावर पोरं ठाण मांडून बसलीत, ऊसगाड्या अडवल्यात. पण हे दरवर्षीचंच आहे. बैठक होईल, नारळ फुटेल, गव्हाणीत उसाची मोळी पडेल. दोन तारखेच्या आत चिमणी धुरानं भरलेली असेल, हा माझा शब्द.

मामी म्हणते, दक्षिणेकडं धूर दिसतो, त्यांनी दर मान्य करून कारखाना चालू केला. तिनं माघारी खिडकी उघडली होती. मी लावून टाकली. दिसतो तर दिसू दे. कारखाना चालू करणं सोपं, चालवणं अवघड.

तू मनाला लावून घेऊ नकोस. पोरगी आता तयार आहे.

बाबासो


उचगाव, ३० नोव्हेंबर
(पुण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं हातोहात)

श्रेयस,

हे पत्र हातात पडल्याबरोबर कामाला लाग. मी चुकलोय.

आज आमच्या गेटावर गेलो. बैठक मोडली. या आठवड्यात बॉयलर पेटणार नाही असं सरळ सांगितलं. तिथून घरी आलो, स्वतःच्या हातानं खिडकी उघडली आणि मग गच्चीवर चढलो. हवेत धुरळा आणि धुकं इतकं, की आमची चिमणी शोधावी लागली, उदबत्तीच्या विझलेल्या काडीसारखी. आणि दक्षिणेला त्यांचा धूर आभाळभर. सगळ्या टापूत धूर म्हणावा असा तेवढाच एक.

तुला कळतंय ना? पोरीला आपण शिकवलंय की धूर एकच आणि तो आपला. ती आपली विझलेली चिमणी ओलांडून पुढं जाणार, त्यांच्या धुरावर पोचणार आणि उजवीकडं वळणार. तिथून उजवीकडं धावपट्टी नाही, डोंगर आहेत. त्या धुक्यात डोंगर कसे दिसणार? घाईत लिहितोय, अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच.

हॉस्टेलवर फोन लावला, क्लबवर लावला, दोन्हीकडं नुसती घंटा वाजते. तार केली आहे, मिळेल न मिळेल. तुझ्या खोलीवर फोन नाही. विमानतळावरच्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, वायरलेसवर नक्की सांगतो, पण इतकं लहान विमान जवळ आल्याशिवाय बोलणं नीट ऐकू येत नाही, आणि ती आधीच पलीकडं वळली तर इलाज नाही.

ती दुसरी चिमणी आहे. ती टाक. उंची मला माहीत नाही, आमच्यापेक्षा जास्तच आहे, घे, लिहून दिलं. तू स्वतः तिच्याकडं जा.

मामा


फ्लाइंग क्लब, २ डिसेंबर

मामा,

क्लबच्या बाकावर बसून लिहितो आहे, कारण हाताला काहीतरी काम हवं.

तुमचा ड्रायव्हर मला शोधत काल तिन्हीसांजेला क्लासवर आला. बूथवरून क्लबला आणि हॉस्टेलला फोन लावला, कुणी उचलला नाही, म्हणून मी दुसरी चिमणी बसवली, नवी फ्लॉपी केली, क्लबकडं जाणारी पहिली एस.टी. धरली. वाटेत टायर फुटला. इथं पोचलो तेव्हा फाटकातूनच विमान वर चढताना दिसलं. मी हात हलवत धावलो. मला बघून तिनं पंख हलवले असतील असं मला वाटलं, पण तो वारा असेल.

तार आली होती. ऑफिसातल्या टेबलावर तशीच पडली होती, कारण शिवानी पहाटेच हॅंगरकडं गेली होती. सरांना सगळं सांगितलं. ते ताबडतोब वायरलेसवर बसले, तिला हाका मारल्या. नुसती खरखर. ती पल्ल्याबाहेर गेली होती. सर सिगारेट पेटवतात आणि न ओढता टाकतात.

मामा, मला तुमचा राग आला आहे. एवढा राग मला कुणाचा आला नव्हता. एक कात्री आणि एक खिडकी! आणि माझा स्वतःचाही आला आहे, कारण कापलेला फोटो माझ्या समोर होता आणि मी त्या जागी ऊस पेरला. ती माझ्या उसावरून उडत असेल आत्ता.

खिशात फ्लॉपी आहे. तिच्यात दोन्ही चिमण्या बरोबर जागेवर आहेत. काय करू तिचं?

कोल्हापूरहून फोन यायला हवा. वाजत नाही. पत्र इथंच थांबवतो.

श्रेयस


उचगाव, ४ डिसेंबर

चि. श्रेयस यास अनेक आशीर्वाद.

पोरगी उतरली हे तुला फोनवर कळलंच. कशी उतरली ते तुला मी सांगतो, कारण तुझं पत्र आजच मिळालं आणि तू रागावलास ते योग्य केलंस.

परवा सकाळी मी लुना काढली आणि दक्षिणेकडच्या कारखान्याच्या गेटातून आयुष्यात पहिल्यांदा आत गेलो. कृष्णात बॉयलरवर होता. सात वर्षांत केस पांढरे झालेत त्याचे. मला बघून तो उठला नाही. मी राम राम न करताच म्हटलं, "धूर बंद कर." त्याला वाटलं मी भांडायला आलोय. "बॉयलर म्हंजी काय घरची चूल हाय व्हय, पाणी वतलं की इझली?" मग मी त्याला सगळं सांगितलं. फोटो कापल्याचंसुद्धा. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "शिवानी एकटी हाय त्यात?" म्हटलं, "एकटीच." त्यानं हातमोजे काढून फेकले. "हितला धूर थांबत न्हाय दादा. तिकडं धूर कर की."

दादा म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

वाटणीत कृष्णातला आमच्या कारखान्याला लागून असलेलं रान गेलं होतं, आठवतं ना? त्यातला निम्मा ऊस आठवड्याखाली त्यांच्या कारखान्याला तुटून गेला होता आणि वाळक्या पाल्याचं पाचट तसंच रानात पडलं होतं. चिमणीच्या अगदी बुडाला. लुनावर तो पुढं, मी मागं. रानात पोचलो, त्यानं काडी लावली. पाचट वरून दवानं भिजलेलं, पेटता पेटेना. मी गुडघ्यावर बसून फुंकत होतो, बासष्टाव्या वर्षी! तेवढ्यात उत्तरेकडून घरघर ऐकू आली. कृष्णातनं डोक्याचा लाल पटका काढला, लुनाच्या टाकीतल्या पेट्रोलात बुडवला आणि पेटवून पाचटात फेकला. मग जाळ उठला. आणि ओल्या पाचटाचा धूर तुला माहीत आहे, काळा, जाड, चिमणीच्याही वर गेला.

पण विमान आमच्या डोक्यावरून निघून गेलं, दक्षिणेकडं. श्रेयस, त्या वेळी मला काय झालं ते मी लिहू शकत नाही. मी ओरडत होतो, "बाई, माघारी फिर!" कृष्णात माझा दंड धरून उभा होता. त्याची बोटं रुतली होती, आजही तिथं निळं आहे.

आणि मग आवाज बदलला. विमान वळलं. आमच्या धुरावरून गिरकी घेऊन परत आलं, इतकं खाली की चाकं दिसली, आणि उजवीकडं वळून धावपट्टीकडं गेलं.

आम्ही दोघं बांधावर बसलो. मागं बघतो तर जाळ कृष्णातच्या उभ्या उसात शिरलेला. गेटावरची आंदोलनाची पोरं ओली पोती घेऊन धावली, तरी राहिलेल्यातला निम्मा ऊस गेला. मी म्हटलं, "तुझा ऊस जळाला की रं." तो म्हणाला, "जळू दे, दादा. पुन्हा लावता येतो ऊस." मी तिथं पोराटोरांसमोर रडलो. लाज वाटली नाही.

शिवानीला भेटलो तेव्हा ती आधी तुझ्याबद्दल विचारत होती. तिला ती दुसरी चिमणी लहानपणापासून ठाऊक होती. शाळेतून येताना रोज दिसायची. पण म्हणाली, "आण्णा, खेळात नव्हती, म्हणून मीही विसरले. धूर दिसला आणि मी आनंदानं त्याच्याकडंच निघाले होते." पुढं गेल्यावर तलाव जिथं दिसायला हवा तिथं दिसेना, म्हणून तिनं मान वळवून मागं बघितलं, तर काळा धूर. आपण ओलांडलं ते काय होतं हे बघायला ती परत फिरली. टॉवरचं बोलणं नंतर ऐकू आलं.

मी विचारलं, "आम्ही दिसलो का गं?" म्हणाली, "दिसलात. बांधावर दोन माणसं एकमेकांना धरून उभी होती. पण मला वाटलं, ही आपली माणसं नव्हेत. आण्णा आणि काका असे शेजारी कुठले उभे राहायला?"

मी मान खाली घातली. कृष्णात तिथंच होता, त्यानंही घातली.

तिचे सर फोनवर म्हणाले, तिचं पुढचं शिक्षण चालू राहील. वाट चुकली, पण शंका आल्याबरोबर परत फिरली, तेच खरं शिकणं असं ते म्हणाले. मामीनं दक्षिणेकडच्या खिडकीला पडदा शिवायला घेतलाय. उद्या रविवारी कृष्णात जेवायला येणार नाही म्हणाला, पुढच्या रविवारी येतो म्हणाला. घाई नाही.

चिमणीची उंची त्यानं दिली, सोबत वेगळ्या कागदावर त्याच्याच अक्षरात आहे. ती तुझ्या सीनरीत नीट बसव. आणि आमच्या चिमणीच्या बुडाला, उत्तरेच्या बांधावर, दोन माणसं उभी कर, एकमेकांना धरून. माणसं टाकता येत नाहीत म्हणून तू मागं लिहिलं होतंस, ते माझ्या लक्षात आहे. तरी खटपट कर.

तुझा
मामा